विश्लेषण : परळच्या ‘टाटा’ रुग्णालयासाठी ट्रस्टने पैसा का दिला?

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाबाहेर हातात फायली घेऊन उभे असलेले नातेवाईक देशभरातून आलेले असतात. आज हे रुग्णालय केंद्र सरकारच्या अखत्यारीत असले, तरी ते उभे राहिले एका कौटुंबिक ट्रस्टच्या पैशातून. असे ट्रस्ट कशाला पैसा द्यायचा, हे ठरवतात कसे?

घरातला आजार, सैल दस्तऐवज

सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. दाम्पत्याला मूलबाळ नव्हते. पुढच्याच वर्षी दोराबजींनी दोन ट्रस्ट केले आणि त्याच वर्षी त्यांचेही निधन झाले. पत्नीच्या नावाचा ट्रस्ट मुख्यतः रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी होता. स्वतःच्या नावाच्या ट्रस्टला मात्र त्यांनी जवळपास सगळी संपत्ती दिली आणि जात, धर्म, प्रदेश असे कोणतेच बंधन घातले नाही. निवड विश्वस्तांवर सोडली. त्यांनी उभारलेले कर्करोग रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले.

प्रत्येक दाता इतका मोकळा नसतो. जवळच्याच केईएमशी जोडलेल्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयासाठी देणगी देताना विश्वस्तांनी अध्यापक भारतीयच हवेत, अशी अट घातली होती. ब्रिटिश काळात ही अट लहान नव्हती.

योजना कोण आणतो?

नागपाड्यात वस्तीकार्य करणारे अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी समाजकार्याच्या शिक्षणाची योजना मांडली. १९३६ मध्ये ट्रस्टच्या पैशातून संस्था सुरू झाली. तीच आजची ‘टिस’. १९४४ मध्ये होमी भाभांनी मूलभूत संशोधन संस्थेसाठी ट्रस्टला पत्र लिहिले. मेहेरबाई त्यांच्या आत्या. नात्याचा उपयोग झालाच असणार. पण ‘टीआयएफआर’ पाहता पैसा वाया गेला, असे कोणी म्हणणार नाही.

आणि हात कधी काढायचा?

आजच्या नियमांनुसार सार्वजनिक ट्रस्टची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे होते, दस्तऐवजातील उद्दिष्टांबाहेर खर्च करता येत नाही आणि प्राप्तिकर सवलतीसाठी साधारण ८५ टक्के उत्पन्न उद्दिष्टांवर वापरावे लागते. मात्र रुग्णालयासारखी संस्था कायम चालवायची, तर उत्पन्नाचा मोठा भाग दरवर्षी तिथेच जातो आणि नव्या कामाला थोडेच उरते. टाटा मेमोरियल १९५७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. त्या वेळी या विभागाचे प्रमुख होते होमी भाभा.