शिशाची उपलब्धता आणि मराठ्यांचे किल्ले : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात

सातारा व सांगली हे जिल्हे मुख्यतः दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसलेले असून तेथे शिशाच्या खाणी नाहीत. बंदुकीच्या गोळीसाठी मात्र शिसेच सोयीचे. कारण हा मऊ धातू सुमारे ३२७ अंश सेल्सिअसला, म्हणजे कोळशाच्या शेगडीवरही वितळतो व साच्यात सहज ओतता येतो. साहजिकच ते बंदरांवरून घाट चढून येई आणि वाहतुकीचा खर्च किमतीत मिळे. शिवाजी महाराजांनी सुरतेच्या फ्रेंचांकडून ८० तोफा व शिसे खरेदी केल्याचे रॉबर्ट ऑर्म नोंदवितो. १६९९-१७०० मध्ये औरंगजेबाने साताऱ्याचा किल्ला वेढला. अशा वेढ्यात बाहेरून शिसे मिळणे दुरापास्तच. आधीचा साठा हाच आधार. आपल्या इतिहासलेखनात तोफांची वर्णने विपुल आढळतात, शिशाचे हिशेब मात्र क्वचितच.