केळीबागेतील कसब आणि त्याचा दाखला

रावेर किंवा यावल तालुक्यातील केळीबागेत कापणीच्या दिवशी जाऊन पाहावे. टोळीतील जाणता गडी घडाकडे एक दृष्टी टाकतो, फळांच्या शिरा कितपत बोथट झाल्या आहेत हे पाहतो आणि हा घड आज उतरवावा की आणखी काही दिवस राखावा, हे ठरवितो. दिल्लीस जाणाऱ्या मालाची पक्वता वेगळी व जवळच्या बाजाराची वेगळी, हे त्यास कोणी पुस्तकातून शिकविलेले नसते. कागदोपत्री मात्र तो शेतमजूर. यापलीकडे त्याची ओळख नाही.

याउलट धुळ्याच्या किंवा जळगावच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडणारा जोडारी पाहा. १९५६ साली व्यवसाय प्रशिक्षणाची राष्ट्रीय परिषद स्थापन झाली, आणि तिच्या प्रमाणपत्रावर त्यास देशात कोठेही काम मागता येऊ लागले. २०१८ मध्ये या कामासाठी नवी राष्ट्रीय परिषद निर्माण झाली, तरी दाखल्याचे तत्त्व कायम आहे. कारखान्याच्या कामगारास जे साठाहून अधिक वर्षांपूर्वी मिळाले, ते बागेतील कामगाराच्या वाट्यास फार उशिरा आले.

हा प्रश्न केवळ मजुराच्या मानाचा नाही. २०१६ साली जळगावच्या केळीस भौगोलिक मानांकन लाभले. परदेशी धाडावयाच्या मालास पूर्वीची रीत चालत नाही. घडातील फण्या मर्यादित ठेवणे, केळफूल वेळेवर खुडणे, घडास पिशवी घालणे, कापलेला घड जमिनीस न टेकविता वाहून नेणे, फण्या सोडवून त्यांचा चीक पाण्यात धुणे व तेरा किलोंच्या सुमाराच्या खोक्यात फळ फळास घासणार नाही असे भरणे, अशी ही साखळी आहे. पुढे १३ ते १४ अंश सेल्सिअस तापमान राखावे लागते. त्याखाली गेल्यास साल काळवंडते. हिरव्या सालीवर आज न दिसणारा ओरखडा फळ पिकल्यावर काळा डाग होऊन उमटतो, आणि त्याचा भुर्दंड बागाईतदारास बसतो. म्हणजे वर्षभराची मेहनत शेवटच्या दोन दिवसांत कोणाच्या हाती आहे, यावर भाव ठरतो. तो हात तरबेज आहे की नाही, हे ओळखण्याचे साधन मात्र आपणांजवळ ओळखीपाळखीखेरीज नसते.

२७ डिसेंबर २०१३ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा जाहीर केला. २०१५ च्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत एक महत्त्वाची सोय झाली, ती पूर्वीच्या अनुभवास मान्यता देण्याची. ज्याने काम करता करता कसब मिळविले त्यास पुन्हा महिनोन्‌महिने वर्गात न बसविता थोड्या दिवसांची उजळणी द्यावयाची, शिकविणाऱ्याहून वेगळ्या परीक्षकाने त्याची परीक्षा घ्यावयाची व उत्तीर्ण झाल्यास राष्ट्रीय प्रमाणपत्र द्यावयाचे, अशी ही पद्धत आहे. शेतीच्या कामांची मानके भारतीय कृषी कौशल्य परिषद ठरविते. ठिबक संच बसविणाऱ्या तंत्रज्ञाचाही त्यांत समावेश आहे, ही ठिबकचे माहेरघर म्हणविणाऱ्या जळगावास विशेष उपयोगी गोष्ट होय.

तथापि माझ्या मते परीक्षा कोणत्या भाषेत व कशी होते, यावर सारे अवलंबून आहे. रावेर-यावलकडे लेवा गणबोली, धुळ्याकडे अहिराणी, सातपुड्याच्या पायथ्याशी पावरी. उत्तम घड कापणाऱ्या गड्यास छापील प्रश्नपत्रिका देऊन नापास करणे सोपे आहे! त्याच्या हाती कोयता देऊन बागेतच परीक्षा घेतली पाहिजे. फण्या धुणाऱ्या व भरणाऱ्या स्त्रियांची नावे तर यादीत येतच नाहीत, कारण टोळीचा मुकादम पुरुषांचीच नावे सांगतो.

धुळे जिल्ह्याच्या कापूस पट्ट्यात याहून गंभीर उणीव आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. आज कीटकनाशक विकणाऱ्यास कृषिविषयक शिक्षणाची अट आहे. २०२१ च्या नियमांनुसार फवारणीचे ड्रोन चालविणाऱ्यासही प्रमाणपत्र लागते. पाठीवर पंप घेऊन दिवसभर त्याच विषात वावरणाऱ्यास मात्र कोणी काही विचारीत नाही व शिकवीतही नाही. दाखल्याची खरी निकड येथे आहे.

दाखला मिळाला आणि मजुरी तीच राहिली, तर पुढच्या वर्षी परीक्षेस कोण बसेल? म्हणून बागाईतदारांनी व निर्यातदारांनी प्रमाणित टोळीस क्विंटलमागे काही जादा दर आधीच ठरवून जाहीर करावा. कापणीची घाई ओसरताच आपल्या गावातील अनुभवी कापणाऱ्यांची, भरणाऱ्या स्त्रियांची व फवारणी करणाऱ्यांची नावे लिहून काढावीत आणि रावेर तालुक्यातील पाल अथवा धुळे येथील कृषी विज्ञान केंद्राशी किंवा तालुका कृषी अधिकाऱ्यांशी संपर्क साधून अशा परीक्षेची सोय केव्हा व कोठे होऊ शकेल याची चौकशी करावी. प्रत्येकाचे आधार कार्ड व बँकेचे पासबुक तयार ठेवावे. दोन्हींवरील नावाचे स्पेलिंग एकच आहे ना, हे आधी पाहून घ्यावे.