नांगर विकणारा चित्रकार

लेखमाला : बाजाराची माणसं – भाग ७

मागच्या भागात फिरता विक्रेता भेटला. कंपनी वाढू लागली की त्याच्या पाठोपाठ गरज पडते ती मार्केटिंगच्या माणसाची. ‘क्रिएटिव्ह मार्केटिंग ऑफिसर’ ही पाटी अलीकडची असली, तरी शंभर वर्षांपूर्वी किर्लोस्करवाडीत हेच काम एक चित्रकार करत होता.

शंकर वासुदेव किर्लोस्कर हे कारखान्याचे संस्थापक लक्ष्मणराव यांचे पुतणे. चित्रकला ते लाहोरला पंडित सातवळेकरांकडे शिकले. गंमत अशी, की काकांनीही तरुणपणी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये कुंचला धरला होता. काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत हे ध्यानात आल्यावर त्यांनी तो खाली ठेवला आणि यंत्रांची ड्रॉइंगं हाती घेतली. घराण्यातलं रंगांचं खातं असं पुतण्याकडे आलं.

विकायचा होता लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीत विष भिनतं, असा त्या काळी शेतकऱ्यांचा समज. त्यामुळे लक्ष्मणरावांनी बेळगावात बनवलेल्या पहिल्या नांगरांना गिऱ्हाईक मिळेना. अशा वेळी सुबक चित्र काय करणार? नांगर दिसायला कसा आहे याच्याशी शेतकऱ्याला देणंघेणं नव्हतं. रान बिघडणार नाही ना, एवढीच त्याची धास्ती होती. ती ओळखणं हा या नोकरीतला अवघड भाग. ते साधलं की चित्र काढणं त्या मानाने सोपं.

१९१० साली औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर कारखाना हलला. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यासाठी जागा दिली होती. तिथे नांगरांबरोबर कडबा कापायची यंत्रं आणि उसाचे चरकही निघू लागले.

१९२० मध्ये शंकररावांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढलं. सुरुवात कारखान्याचं मुखपत्र म्हणून झाली, पण अंक तेवढ्यावर थांबला नाही. उद्योगधंदा, आरोग्य, समाजसुधारणा असे विषय येत गेले. शंकररावांची व्यंगचित्रंही असत. पुढे नुसत्या ‘किर्लोस्कर’ नावाने निघणाऱ्या याच मासिकात सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध छापून आले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ अशी भावंडंही आली. जन्मात कधी नांगर घेणार नाही असा शहरी वाचकसुद्धा किर्लोस्करांचं नाव घेऊ लागला.

यातून नांगर किती खपले? आजच्या मार्केटिंगवाल्याला महिन्याच्या मीटिंगमध्ये हाच प्रश्न विचारला जातो, आणि तो गैर नाही. फक्त तिमाहीच्या तक्त्यात त्याचं उत्तर मावत नाही. शिवाय मासिकाचा सूर उसना नव्हता. वाडीच्या वसाहतीत लक्ष्मणरावांनी अस्पृश्यता पाळू दिली नव्हती, त्यामुळे रूढींवरची टीका त्या अंकांना शोभून दिसली. मालक एक वागतो आणि जाहिरात दुसरंच बोलते अशा कंपनीत कितीही हुशार माणूस नेमा, दोन वर्षांत तो कंटाळून जातो.

दुसरी अडचण मंजुरीची. अमूलची जाहिरात १९६६ साली सिल्वेस्टर डाकुन्हा यांच्या एजन्सीकडे आली आणि युस्टेस फर्नांडिस यांनी ठिपक्यांच्या फ्रॉकमधली ती मुलगी रेखाटली. ताज्या घडामोडींवर कोटी करणाऱ्या त्या फलकांचं अर्धं श्रेय अमूलचे प्रमुख व्हर्गीस कुरियन यांना द्यायला हवं. प्रत्येक जाहिरात आधी आपल्याला दाखवली पाहिजे, असा हट्ट त्यांनी धरला नाही. पाच सह्यांची फाईल फिरून येईपर्यंत बातमी शिळी होते आणि तिच्यावरचा विनोदही.

कंपनी मोठी होताना या सह्या कशा वाढत जातात आणि जाहिरातीच्या बजेटवर शेवटचा शब्द कोणाचा चालतो, ते पुढच्या आठवड्यात.