दोऱ्याचा झोल

हाताने शिवताना आपण एक काम नकळत करत असतो. प्रत्येक टाक्याला सगळाच्या सगळा दोरा कापडातून ओढून काढतो. सुई एका बाजूने शिरते, दुसऱ्या बाजूने पुरती बाहेर येते, तिच्यामागून हातभर दोरा सरसरत येतो आणि मग बोटं तो अंदाजाने आवळतात. जास्त आवळला तर कापड चुणतं, कमी आवळला तर टाका लोंबतो. हा अंदाज हाताला सवयीने येतो, म्हणून त्याचं कौतुक कुणी करत नाही.

यंत्राला हे जमणं कठीण. यंत्रातली सुई दांड्याला घट्ट बसवलेली असते. कापडात शिरते ती आल्या वाटेने परत निघते आणि तिच्याबरोबर दोराही परत निघतो. तेव्हा शिवणारं यंत्र बनवू पाहणाऱ्या प्रत्येकाला दोन प्रश्न सोडवावे लागले. सुई माघारी जाताना थोडा दोरा पलीकडे अडवायचा कसा? आणि अडवताना जो सैल दोरा तयार होतो, त्या झोलाचं करायचं काय? पहिल्या प्रश्नाची उत्तरं तुलनेने लवकर मिळाली. मशीन भरवशाची व्हायला वेळ लागला तो दुसऱ्यामुळे.

नेढं टोकाशी आलं

हाताच्या सुईचं नेढं मागच्या टोकाला असतं. ते पुढच्या, अणकुचीदार टोकाशी आणलं की सुई पुरती पार न होताही दोरा कापडापलीकडे पोहोचतो. पण नुसतं पोहोचून भागत नाही, तिथे पकडता येईल असा फास तयार व्हायला हवा.

तो फास असा होतो. मशीनच्या सुईला एका बाजूने लांब खाच असते, दुसऱ्या बाजूला ती नसते किंवा अगदी आखूड असते. सुई खाली जाते तेव्हा दोऱ्याचे दोन पदर तिच्या दोन बाजूंना चिकटून जातात. तळ गाठून ती दोन-अडीच मिलिमीटर वर उचलली, की लांब खाचेतला पदर खाचेतून अलगद सरकतो, त्याला कापड घासत नाही. दुसऱ्या बाजूचा पदर मात्र सुई आणि कापड यांच्यामध्ये दबलेला असतो. तो वर सरकू शकत नाही, म्हणून बाजूला फुगतो. तोच फास. तो क्षणभरच टिकतो आणि खालच्या यंत्रणेला त्याच क्षणी तिथे हजर राहावं लागतं. मशीन टाके सोडू लागते तेव्हा बहुतेक वेळा ही भेट चुकलेली असते: सुई वाकलेली असते, उलटी बसवलेली असते किंवा पुरती वर ढकललेली नसते.

एकाच दोऱ्याची साखळी

फास अडवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे तो पुढच्या फासात अडकवणं. फ्रान्समधले शिंपी बार्तेलेमी तिमोनिए यांनी १८३० साली पेटंट घेतलेली मशीन असाच साखळी टाका घालत असे. तिच्या सुईला नेढं नव्हतं, आकडा होता. दोरा कापडाखाली असे. आकडा खाली जाऊन दोरा पकडे आणि आधीच्या फासातून नवा फास वर ओढून आणे. पॅरिसमध्ये सैन्याचे गणवेश शिवण्यासाठी अशा सुमारे ८० मशीन बसवल्या गेल्या. पोटावर पाय येईल या भीतीने शिंप्यांच्या जमावाने १८३१ मध्ये त्या मोडून टाकल्या.

दोऱ्याच्या दृष्टीने साखळी टाका फार सोयीचा. एकच रीळ, खाली बॉबिन भरायची कटकट नाही. गोम अशी की शेवटचा फास सुटला आणि दोरा ओढला गेला तर अख्खी टीप सरसर उसवते. पोत्याचं तोंड शिवायला आजही हाच टाका वापरतात, कारण तिथे तो सहज उसवायलाच हवा असतो.

पुढे व्हर्जिनियातले शेतकरी जेम्स गिब्स यांनी या टाक्यात मोठी सुधारणा केली. १८५५ मध्ये त्यांनी एका शिलाई मशीनचं छापील चित्र पाहिलं. चित्रात वरची सुई दिसत होती, कापडाखाली काय चालतं ते दिसत नव्हतं. मग त्यांनी खालची यंत्रणा स्वतःच कल्पनेने रचली: एक फिरता आकडा, जो फास पकडतो, त्याला पीळ देतो आणि पुढच्या फासासाठी उघडा धरतो. १८५७ मध्ये त्याचं पेटंट मिळालं आणि विलकॉक्स अँड गिब्स या नावाने या मशीन खपल्या.

दुसरा दोरा आणि शटल

पक्की टीप हवी असेल तर फासातून दुसराच दोरा न्यायला हवा. न्यूयॉर्कमध्ये वॉल्टर हंट यांनी १८३० च्या दशकात ही युक्ती जमवली होती, पण तेव्हा पेटंट घेतलं नाही. ते १० सप्टेंबर १८४६ रोजी मिळालं एलायस हाऊ यांना. हाऊ यांनी लोवेल या गिरण्यांच्या गावी कापडयंत्रांच्या कारखान्यात उमेदवारी केली होती. विणकराच्या धोट्याच्या धर्तीचं छोटं शटल त्यांच्या मशीनमध्ये होतं. सुईने फास केला की पोटात दोरा घेतलेलं हे शटल त्यातून आरपार जाई. वरचा दोरा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकत, आणि तयार होई तो लॉकस्टिच.

हाऊ यांच्या पेटंटमध्ये दोऱ्याच्या झोलाची काळजी स्पष्ट दिसते. शटल आत शिरण्यापुरता फास मोठा व्हायला हवा, म्हणून दोरा उचलून सैल करणारा एक दांडा त्यात होता. शटल फासातून गेल्यावर त्याच्या बॉबिनवरचा दोरा भसाभस उलगडू नये, म्हणून तो धरून ठेवणारा एक तुकडा होता. या दोन्हींवर त्यांनी वेगळा हक्क सांगितला होता. तरीही मशीन गैरसोयीची होती. सुई वक्र आणि आडवी चाले, कापड एका पट्टीच्या खिळ्यांना उभं टांगावं लागे आणि पट्टीची लांबी संपली की काम थांबवून ते पुन्हा लावावं लागे.

खालचा दोरा सांभाळताना नवी भानगडही उद्भवली. बॉस्टनच्या ब्लॉजेट आणि लेरो यांनी १८४९ मध्ये पेटंट घेतलेल्या मशीनमध्ये शटल गोल चकरा मारायचं. दर चकरेला दोऱ्याचा एक पीळ उलगडायचा. दोऱ्याचं बळ पिळातच असतं, त्यामुळे थोड्या वेळाने तो पिंजायचा आणि तुटायचा. ही मशीन जिथे बनत होती, त्या ऑर्सन फेल्प्स यांच्या कारखान्यात १८५० मध्ये आयझॅक सिंगर यांनी ती पाहिली. त्यांनी दोन बदल सुचवले: शटल सरळ रेषेत पुढेमागे जाऊ दे आणि सुई सरळ, उभी चालू दे. पहिल्या बदलाने पीळ सुटण्याचा प्रश्नच मिटला.

ताण: वर चकत्या, खाली पट्टी

सिंगर यांनी पुढे सांगितलेली एक हकिकत प्रसिद्ध आहे. पहिली मशीन जुळवून झाली, पण ती काही केल्या धड शिवेना. कामगार कंटाळून निघून गेले. रात्री परतताना सिंगर आणि त्यांचे भागीदार जॉर्ज झीबर वाटेत फळ्यांच्या ढिगावर बसले. झीबर यांनी शिवणीतल्या सैल फासांचा विषय काढला आणि सिंगर यांच्या डोक्यात प्रकाश पडला: सुईच्या दोऱ्याचा ताण जुळवायचाच राहून गेला होता. दोघं परत गेले, ताण बसवला, आणि मशीनने पाच टाके स्वच्छ घातले. मग दोरा तुटला, पण काय चुकत होतं ते कळलं होतं. १२ ऑगस्ट १८५१ रोजी सिंगर यांना पेटंट मिळालं.

लॉकस्टिचमध्ये दोन दोरे एकमेकांना ओढत असतात. दोघांची ओढ सारखी असेल तर त्यांची गुंतण कापडाच्या जाडीच्या मधोमध लपते. वरची ओढ जास्त झाली की खालचा दोरा ठिपक्यांसारखा वर डोकावतो. वरची कमी पडली की वरच्या दोऱ्याचे ठिपके खालच्या बाजूला दिसतात. म्हणून दोन्ही दोऱ्यांना मोजका अडथळा लागतो. वरचा दोरा दोन चकत्यांमधून जातो, त्या चकत्यांना स्प्रिंग दाबते आणि नटाने दाब कमीजास्त करता येतो. खालचा दोरा शटलवर किंवा बॉबिन केसवर बसवलेल्या पोलादी पट्टीखालून निघतो, तिचा दाब बारीक स्क्रूवर असतो. पुढे आणखी एक सोय झाली: कापड दाबणारा फूट वर उचलला की चकत्या आपोआप सुटतात, म्हणजे शिवण संपल्यावर कापड बाहेर ओढताना सुई वाकत नाही.

ताणाबरोबर वेळही जुळावी लागते. सिंगर यांच्या पेटंटमधला एक हक्क नेमका यावर आहे: शटल थांबल्यावर त्याला आणखी थोडं पुढे सरकवायचं, त्याच वेळी कापड उलट दिशेला सरकेल आणि सुई वर जाईल, म्हणजे दोन्ही दोरे एकदमच आवळले जातील.

ढील आणि ओढ

आता खरा झोल. शटलला किंवा बॉबिनला वळसा घालायला फासात दहाएक सेंटिमीटर दोरा लागतो असं धरू. टाका अडीच मिलिमीटरचा असेल तर त्यात वरचा दोरा मुरतो जेमतेम तीन-साडेतीन मिलिमीटर. उरलेला सगळा परत वर यायला हवा, आणि तोही पुढचा टाका सुरू होण्याआधी. म्हणजे दोऱ्याचा एकच भाग टीपेत बसण्यापूर्वी सुईच्या नेढ्यातून तीसेक वेळा खालीवर घासला जातो.

सुरुवातीच्या अनेक मशीनमध्ये हा दोरा मागे ओढण्याचं काम सुईच्या दांड्यावरच सोपवलेलं होतं. सुई वर गेली की दोरा ओढला जाई. अडचण अशी की सुईची चाल कापड भोसकण्यासाठी ठरलेली, दोऱ्याची गरज वेगळी. सुई वर निघालेली असते तेव्हाच खाली वळसा पुरा करायला सर्वांत जास्त दोरा हवा असतो. ही दोन कामं वेगळी करणारा भाग म्हणजे मशीनच्या तोंडाशी खालीवर हलणारा, भोक असलेला तो दांडा, ज्याला टेक-अप म्हणतात. त्याची चाल आतल्या खाचदार चक्रावरून किंवा जोडदांड्यांवरून ठरते, म्हणून ती सुईपेक्षा वेगळी ठेवता येते. पतंग उडवणारा जसा मांजा आधी ढील देऊन सोडतो आणि मग झपाट्याने हापसतो, तसाच टेक-अप फास मोठा होईपर्यंत दोरा सोडत खाली येतो आणि वळसा पुरा होताच झटक्यात वर जाऊन सगळा झोल गोळा करतो. या शेवटच्या झटक्यातच टाका आवळला जातो आणि रिळावरून पुढच्या टाक्यापुरता दोरा सुटतो.

चकत्यांशेजारी एक बारीक तारेची कमानही असते. सुई खाली येऊ लागते तेव्हा वरचा दोरा क्षणभर सैल पडतो. त्या क्षणी तो सुईच्या टोकाखाली आला तर सुई स्वतःचाच दोरा भोसकेल. नेढं कापडाशी पोहोचेपर्यंत ही कमान तेवढा झोल ओढून धरते.

शटल जागीच राहिलं तर

शटल पुढेमागे धाववायचं म्हणजे प्रत्येक टाक्याला ते थांबवायचं आणि उलटं वळवायचं. त्यात वेग मार खातो आणि आवाज वाढतो. ॲलन विल्सन यांनी मांडणीच उलटी केली: बॉबिन जागेवर राहू दे, फास तिच्याभोवती फिरू दे. त्यांच्या फिरत्या हुकाचं पहिलं पेटंटही १२ ऑगस्ट १८५१ चंच आहे आणि जागच्या जागी राहणाऱ्या बॉबिनचं पुढच्या वर्षीचं. हुकाचं टोक फास पकडतं, ओढून मोठा करतं आणि चपट्या गोल बॉबिनवरून पलीकडे सोडतं. त्यांच्या व्हीलर अँड विल्सन कंपनीच्या या मशीन हलक्या आणि शांत चालत. सुरुवातीला त्यांच्यात टेक-अप नव्हता. आधीचा फास पुढच्या फेरीत हुकच आवळत असे आणि तोवर एक छोटासा ब्रश तो धरून ठेवी.

ग्रोव्हर अँड बेकर या कंपनीने बॉबिनच टाळली. त्यांच्या दुहेरी साखळी टाक्यात दोन्ही दोरे थेट रिळांवरून येत. टीप लवचीक, पण खालच्या बाजूला उंचवटा राही आणि दोरा लॉकस्टिचच्या जवळजवळ दुप्पट लागे. घरगुती शिवणकामात अखेर लॉकस्टिचच टिकला.

सिंगर कंपनीने १८७९ मध्ये मधला मार्ग बाजारात आणला: हूक पुरता फिरत नाही, अर्धा वळसा जाऊन परत येतो आणि त्याच्या पोटात गोल बॉबिन बसते. भारतात सिंगरचा कारभार १८७० च्या दशकापासून मुंबईचे नसरवानजी मेरवानजी पटेल पाहत होते, आणि आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या काळ्या मशीनच्या पोटात बहुधा हीच अर्ध्या वळशाची यंत्रणा सापडते.

टीप वाचताना

दोऱ्याचा हा सगळा प्रवास ध्यानात असला की दुरुस्तीचा क्रम आपोआप ठरतो. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता झाला की बहुतेक जण आधी बॉबिन केस काढून तिचा स्क्रू पिळतात. पण तो गुंता वरच्या दोऱ्याचा असतो: फासासाठी खाली गेलेले दहा सेंटिमीटर कुणी वर ओढून घेतलेलेच नसतात. एक तर दोरा टेक-अपच्या भोकातून निसटलेला असतो, नाही तर तो चकत्यांमध्ये बसलेलाच नसतो. फूट खाली ठेवून दोरा ओवला तर चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्या कडेवरच राहतो. म्हणून आधी फूट उचलून दोरा नव्याने ओवावा. मग सुई सरळ आहे का, लांब खाच योग्य बाजूला आहे का, ते पाहावं. तरीही ठिपके दिसले तर वरचा नट थोडा फिरवून चिंधीवर टीप मारून बघावी. बॉबिनच्या स्क्रूला हात लावावा तो सगळ्यात शेवटी आणि अगदी जरासाच, कारण वरचा ताण जुळवताना खालच्या दोऱ्याची ओढच आधार धरलेली असते.