हैदराबाद वैमानिक पथके

हैदराबाद वैमानिक पथके : ब्रिटनच्या शाही हवाई दलातील (रॉयल एअर फोर्स) हैदराबाद संस्थानचे नाव धारण करणारी ११०, १५२ व २५३ या क्रमांकांची तीन पथके (स्क्वॉड्रन). पहिले बाँबफेकी विमानांचे आणि उरलेली दोन लढाऊ विमानांची होती. परभणीसह मराठवाड्याचे पाचही मराठी भाषिक जिल्हे त्या काळी हैदराबाद संस्थानात मोडत. संस्थानचे नाव फ्रान्स, इंग्लंड, उत्तर आफ्रिका व ब्रह्मदेश येथील युद्धभूमींवर विमानांतून गेले. मात्र खुद्द संस्थानाला स्वतःचे लढाऊ हवाई दल कधीच लाभले नाही.

या विसंगतीचे मूळ जुने आहे. निजामाने १७९८ मध्ये तैनाती फौजेचा करार स्वीकारला. पुढे ‘हैदराबाद कंटिन्जंट’ नावाची आणखी एक फौज उभी राहिली. तिचा खर्च निजामाचा व अधिकारी इंग्रज, अशी तिची रचना होती. या खर्चाच्या वसुलीसाठी १८५३ मध्ये वऱ्हाड प्रांत इंग्रजांकडे सोपविण्यात आला. १९०२ च्या करारानंतर १९०३ मध्ये ही फौज ब्रिटिश हिंदी लष्करात विलीन झाली. तिची एक छावणी हिंगोली येथे होती. हिंगोली १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होते. पैसा संस्थानचा आणि हुकमत दुसऱ्याची, हीच पद्धत पुढे विमानांच्या बाबतीतही चालू राहिली. निजामाच्या उत्पन्नाची दिवाणी आणि सर्फ-ए-खास (खाजगी मुलूख) अशी दोन अंगे असली, तरी दोन्हींचा मुख्य आधार रयतेने भरलेला शेतसारा हाच होता.

११० क्रमांकाचे पथक १ नोव्हेंबर १९१७ रोजी इंग्लंडमधील रेंडकम येथे स्थापन झाले. सातवा निजाम मीर उस्मान अली खान याने पथकाची मूळ विमाने देणगीदाखल दिली व त्यांवर तसा मजकूर रंगविण्यात आला. ही विमाने डी. एच. ९ए या नव्या जातीची, दोन आसनांची व सुमारे ४०० अश्वशक्तीच्या लिबर्टी एंजिनाची होती. या जातीच्या विमानांनी सज्ज झालेले हे पहिलेच पथक होय. १९१८ च्या सप्टेंबरपासून ते फ्रान्समधील बेतोंकूर येथून, ह्यू ट्रेंचर्ड यांच्या ‘स्वतंत्र दला’च्या हुकमतीखाली, जर्मनीतील औद्योगिक शहरांवर दिवसा बाँबफेक करू लागले. संरक्षक लढाऊ विमाने बरोबर नसल्याने त्याची जबर हानी झाली. अवघ्या अडीच महिन्यांत १७ विमाने शत्रूच्या कारवाईत नष्ट झाली वा हाती सापडली आणि आणखी २८ अपघातांत मोडली. १९१९ मध्ये पथक विसर्जित झाले. दरम्यान १९१८ मध्ये निजामाला ‘ब्रिटिश सरकारचा विश्वासू दोस्त’ हा किताब मिळाला होता.

पथकाचे पुनरुज्जीवन १९३७ मध्ये झाले. ब्रिटनने युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ४ सप्टेंबर १९३९ रोजी, त्याच्या ब्लेनहाइम विमानांनी व्हिल्हेल्म्सहाफेन बंदरातील जर्मन युद्धनौकांवर हल्ला केला. ‘ॲडमिरल शीअर’ या नौकेवर बाँब पडले, पण ते फुटले नाहीत. १९४२ मध्ये पथक भारतात आले व व्हेन्जन्स विमानांनी त्याने ब्रह्मदेशात सूर मारून बाँबफेक केली.

दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी १५२ (हैदराबाद) व २५३ (हैदराबाद संस्थान) ही पथके पुन्हा उभारण्यात आली. १५२ ने १९४० च्या ‘ब्रिटनच्या लढाई’त वॉर्मवेल येथून स्पिटफायर विमानांनी पोर्टलंडच्या नाविक तळाचे रक्षण केले. पुढे उत्तर आफ्रिका, माल्टा, सिसिली व इटली असा प्रवास करून ते पूर्वेकडे आले आणि १९४४ च्या इंफाळच्या लढाईत उतरले. २५३ कडे हरिकेन विमाने होती. लंडनच्या दक्षिणेकडील केन्ली तळावरून ते लढले. नंतर उत्तर आफ्रिका व इटली येथे ते होते.

संघटनेच्या दृष्टीने या पथकांत हैदराबादी असे काहीच नव्हते. नेमणुका, बदल्या व मोहिमा शाही हवाई दलाकडूनच ठरत. ११० बाँबफेकी कमानच्या दुसऱ्या गटात, तर १५२ व २५३ लढाऊ कमानच्या अनुक्रमे दहाव्या व अकराव्या गटांत होती. संस्थानची ओळख मानचिन्हांपुरती उरली. ११० च्या चिन्हातील वाघ, १५२ च्या चिन्हातील निजामाची पगडी व ‘विश्वासू दोस्त’ हे ब्रीद ही तिची उदाहरणे होत. हैदराबादेत जन्मलेले इद्रिस हसन लतीफ १९४२ मध्ये हवाई दलात दाखल झाले, ते भारतीय हवाई दलात. ते १९७८ ते १९८१ या काळात त्याचे प्रमुख व पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले.

संस्थानात नागरी विमानवाहतूक मात्र चांगली वाढली. बेगमपेठ येथे विमानतळ व फ्लाइंग क्लब होता. निजाम सरकारची रेल्वे व टाटा यांच्या भागीदारीत १९४५ मध्ये डेक्कन एअरवेज ही कंपनी स्थापन झाली. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणात ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. पण ही प्रवासी विमाने युद्धाच्या कामाची नव्हती. १९४८ मध्ये भारत सरकारने संस्थानची कोंडी केली, तेव्हा सिडनी कॉटन नावाच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकाकरवी लँकेस्ट्रियन विमानांतून कराचीमार्गे चोरून शस्त्रे आणण्यापर्यंत पाळी आली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याने कारवाई सुरू केली, तेव्हा पुण्याच्या तळावरून टेम्पेस्ट विमाने साहाय्यास होती. उमरग्याच्या पूर्वेला राजसूरच्या वाटेवर दबा धरलेल्या निजामी तुकड्यांवर त्यांनी हल्ले करून मार्ग मोकळा केला. त्यांना अडविणारे एकही विमान हैदराबादकडे नव्हते. तीन पथकांना नाव देणारे संस्थान १७ सप्टेंबर रोजी शरण आले.

देणगीची ही प्रथा हैदराबादपुरती नव्हती. पश्चिम आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट या वसाहतीचे नाव २१८ व २४९ या पथकांना मिळाले होते. ही वसाहत १९५७ मध्ये घाना म्हणून स्वतंत्र झाली. तिचे हवाई दल १९५९ मध्ये भारतीय व इझ्राएली अधिकाऱ्यांच्या साहाय्याने उभे राहिले आणि त्याचे पहिले प्रमुख भारतीय हवाई दलाचे एअर कमोडोर जसवंत सिंग हे होते. बंगलोरला बनलेली एचटी–२ ही प्रशिक्षण विमानेही घानाला देण्यात आली. दोन्ही प्रदेशांचा आरंभ सारखा असला, तरी घानाला स्वतःचे दल मिळाले. हैदराबादची बेगमपेठ व बीदर येथील विमानक्षेत्रे भारतीय हवाई दलाच्या प्रशिक्षणाला उपयोगी पडली.

२५३ हे पथक अखेर १९५७ मध्ये, १५२ हे पथक १९६७ मध्ये, तर ११० हे पथक १९७१ मध्ये सिंगापूर येथे विसर्जित झाले. निजामाच्या देणगीतील एफ १०१० हे विमान ५ ऑक्टोबर १९१८ रोजी जर्मनांच्या हाती लागले होते. ते बर्लिनच्या संग्रहालयातून दुसऱ्या महायुद्धात पोलंडमध्ये गेले. १९७७ मध्ये एका स्पिटफायरच्या मोबदल्यात ते ब्रिटनला परत मिळाले आणि दुरुस्तीनंतर लंडनमधील शाही हवाई दलाच्या संग्रहालयात ठेवण्यात आले.