राजहंस ठरण्याआधी

चारचौघांपेक्षा वेगळ्या दिसणाऱ्या पिल्लाची गोष्ट मराठी घरांत पोचली ती पुस्तकापेक्षा गाण्यातून. 'एका तळ्यात होती' हे ग. दि. माडगूळकरांचे गाणे हान्स क्रिस्टियन अँडरसनच्या १८४३च्या डॅनिश कथेवर बेतलेले आहे. ते गायले आशा भोसले यांनी. चाल श्रीनिवास खळे यांची.

पंचतंत्रातला कोल्हा निळीच्या पिंपात पडतो, राजा होतो आणि कोल्हेकुई करताच मारला जातो. वाघाचे कातडे पांघरलेल्या गाढवाचीही तीच गत. या जुन्या गोष्टी ज्याला-त्याला पायरी दाखवून देतात. अँडरसनचे पिल्लू मात्र सोंग घेत नाही; चूक पाहणाऱ्यांची असते. मूळ कथेत ते शिकाऱ्यांतून वाचते, बर्फात गोठते, शेवटी राजहंसांपुढे मान झुकवताना पाण्यात स्वतःला पाहते. मग काठावरची मुले त्याला सर्वांत सुंदर ठरवतात. माडगूळकरांनी ही सारी वणवण गाळली, मुलांची शाबासकीही. त्यांच्या पिल्लाला आपली ओळख पटते ती एकट्याने, चोरून पाण्यात डोकावताना. आपण कोण हे दुसऱ्याने सांगायची गरज उरत नाही. बदल छोटा, पण गोष्टीचे मर्म त्यातच आहे.

तरी एक खोच राहते. पिल्लू स्वीकारले जाते ते राजहंस निघाल्यामुळे. साधे, थोराड बदकच निघाले असते तर? रूपाचे वजन त्या काळच्या बालगीतांत होतेच. याच तिघांचे 'गोरी गोरी पान' दादाकडे वहिनी मागते, तीही गोरीच.

स्वीकारले जाण्यासाठी राजहंसच निघावे लागते, ही अट 'तारे जमीन पर' या चित्रपटात (२००७) वेगळ्या वेषात येते. अक्षरे ओळखताना अडखळणारा ईशान शेवटी चित्रकलेच्या स्पर्धेत पहिला येतो. चित्रपटाने असंख्य पालकांना डिस्लेक्सिया हा शब्द दिला, हे खरेच. पण ईशानला चित्र काढता येत नसते, तर प्रेक्षक इतके हेलावले असते का, ही शंका उरतेच.

कायद्याने ही अट घातलेली नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, डिस्लेक्सिया तिच्यातच मोडतो. प्रमाणपत्र असलेल्या मुलाला दहावीच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो. त्यासाठी त्याला दुसऱ्या कशात पहिले यावे लागत नाही.