इंग्रजी वाक्यात वसई

वसईच्या परिसराची माहिती तुम्हाला इंग्रजीत लिहायची आहे आणि ती वाचणार आहे नॉर्वेमधला एक विद्यार्थी, अशी कल्पना करा. तिथली नावे त्याने कधी ऐकलेली नाहीत. यातले गाव कोणते, नदी कोणती आणि माणूस कोण, हे त्याला कसे कळावे?

मराठीत आपण नावालाच प्रत्यय लावतो : वसईला, वसईहून, वसईत. इंग्रजीत नाव जसेच्या तसे राहते आणि ‘टू’, ‘फ्रॉम’, ‘इन’ हे शब्द आधी येऊन तेच काम करतात. शिवाय विशेषनामाचे पहिले अक्षर कॅपिटल असते. देवनागरीत ही सोय नाही. ‘उल्हास’ म्हणजे आनंद की कोणाचे नाव, हे आपण संदर्भावरूनच ओळखतो.

पण कॅपिटल अक्षराने एवढेच कळते, की हे नाव आहे. ते कशाचे, हे कसे कळावे? पुढील दोन वाक्ये पाहा :

१) उल्हास रोझ ॲट नाइट.
२) दि उल्हास रोझ ॲट नाइट.

पहिल्या वाक्यात उल्हास नावाचा मुलगा रात्री उठला. दुसऱ्यात उल्हास नदीचे पाणी रात्री वाढले. मराठीत ‘उल्हास वाढला’ की ‘उल्हास वाढली’, यावरून लिंग समजते. इंग्रजी क्रियापदाला लिंग नसते. तेथे ‘दि’ हे चिमुकले उपपद उपयोगी पडते. नदीच्या नावाआधी ते येते. माणसाच्या किंवा गावाच्या नावाआधी सहसा येत नाही. म्हणून ‘दि वैतरणा’, पण नुसतेच ‘विरार’. नेदरलँड्समधील ‘दि हेग’ हे शहर याला अपवाद आहे.

नाव अपरिचित असेल, तर पहिल्या उल्लेखातच ओळख करून द्यावी. मराठीत ती नावाच्या आधी येते : ‘मुंबईच्या उत्तरेचे वसई शहर’. इंग्रजीत ती बहुधा नावानंतर, दोन स्वल्पविरामांच्या मध्ये देतात : ‘वसई, अ टाउन नॉर्थ ऑफ मुंबई, ...’

आता आणखी एक गंमत. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली. त्यांनी तिचे ‘बासाइं’ केले, पुढे इंग्रजांनी ‘बॅसीन’. आज गावाचे नाव इंग्रजीतही वसईच लिहितात. मात्र १८०२ चा वसईचा तह इंग्रजी पुस्तकांत ‘ट्रीटी ऑफ बॅसीन’ म्हणूनच सापडतो. विज्ञानातही हे जुने रूप टिकून आहे. मुंबईच्या पश्चिमेस समुद्राखाली १९७६ मध्ये सापडलेले नैसर्गिक वायूचे क्षेत्र म्हणजे ‘दि बॅसीन फील्ड’. तेथील सुमारे चार कोटी वर्षांपूर्वीच्या चुनखडकाच्या थरांना भूशास्त्रज्ञ ‘दि बॅसीन फॉर्मेशन’ म्हणतात.

येथे गावाच्या नावाआधी ‘दि’ कसे आले? ते ‘बॅसीन’चे नव्हेच, ‘फॉर्मेशन’चे आहे. ‘बॅसीन’ येथे विशेषणासारखे मध्ये बसले आहे, इतकेच.

मग गावाचे नाव बदलले, तसे थरांचेही का बदलू नये? स्थळाचे नाव बदलले, तरी खडकाच्या थरांना त्यावरून दिलेले नाव बदलण्याची गरज नाही, असा भूशास्त्राचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. नाही तर जुन्या विहिरींच्या नोंदी आणि नवे अहवाल यांचा मेळ कसा बसणार? म्हणून वसईविषयी इंग्रजीत माहिती शोधताना दोन्ही नावांनी शोधा. एकाच नावाने शोधलेत, तर बरेच काही निसटेल.

मात्र जपून! ब्रह्मदेशातील, म्हणजे आजच्या म्यानमारमधील, पाथेन या शहरालाही इंग्रज ‘बॅसीन’च म्हणत. जुन्या पुस्तकात ‘बॅसीन’ दिसले आणि जवळच इरावती नदीचा उल्लेख असला, तर ते आपले वसई नव्हे.

आता तुमच्या गावाचे, तिथल्या नदीचे आणि एखाद्या मित्राचे नाव घेऊन तीन इंग्रजी वाक्ये लिहा. ती आपल्या गुरुजींना किंवा बाईंना दाखवा आणि विचारा : हे गाव कधीही न पाहिलेल्या माणसाला यातली नदी ओळखता येईल का?